न आलेले पाकीट

रोकड तिजोरीत असते, माल गोदामात असतो आणि दोन्हींना कुलूप असते. पेढीची तिसरी पुंजी म्हणजे पत. पूर्वी ती दिलेल्या शब्दावर आणि वहीतल्या सहीवर उभी असे. आज ती बऱ्याच अंशी काही क्रमांकांवर उभी आहे : पॅन, आधार, जीएसटी क्रमांक, बँक खाते, मोबाईल. हे क्रमांक ज्या कागदांवर छापलेले असतात, ते कागद मात्र इमारतीच्या जिन्याखालील दार निखळलेल्या पत्रपेटीत दुपारपासून रात्रीपर्यंत पडून असतात. किंवा ‘शेठ नाहीत, शेजारी देऊन जा’ एवढ्या एका वाक्यावर शेजारच्या दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसतात.

ओटीपी कोणालाही सांगू नये, हे आता घरातील शाळकरी मुलालाही पाठ असते. कागदी टपालाविषयी अशी सावधगिरी क्वचितच दिसते. त्याचे कारण उघड आहे. खात्यातून पैसे गेले की मोबाईलवर संदेश येतो. टपाल गेले तर काहीच येत नाही. वस्तू हरवल्याची जाणीव ती आधी हाती आलेली असेल तरच होते. जे पाकीट घरी पोचलेच नाही, त्याची आठवण कोणाला असणार? टपालातून ओळख चोरणारा माणूस नेमका याच गोष्टीवर विसंबून असतो. त्याला तिजोरी फोडायची नसते की घरात शिरायचे नसते. एक पाकीट कमी आले हे कोणाच्या ध्यानी येऊ नये, एवढेच त्याला पुरते.

अशा माणसासाठी मराठीत जुना शब्द आहे : तोतया. पानिपतच्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने पेशवाईला बरीच वर्षे बेजार केले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या तोतयाला निदान रूपाचे साम्य लागले होते. आजच्या तोतयाला नाव, जन्मतारीख, पत्ता आणि दोन-तीन क्रमांक मिळाले तरी त्याचे बरेचसे काम भागते.

पाकिटात काय असते

घरी येणारे टपाल एकदा या दृष्टीने पाहावे. वीजबिलावर ग्राहकाचे नाव, पूर्ण पत्ता आणि ग्राहक क्रमांक असतो. पत्त्याचा पुरावा म्हणून हेच बिल अनेक कार्यालयांत चालते. विमा पॉलिसीत जन्मतारीख आणि वारस म्हणून नेमलेल्या व्यक्तीचे नाव असते. डिमॅट व म्युच्युअल फंडांच्या एकत्रित खातेविवरणात कुटुंबाच्या गुंतवणुकीचे चित्र एकाच ठिकाणी उमटलेले असते. आयकर खात्याच्या पत्रावर पॅन असतो. बँकेच्या पाकिटातून तर प्रत्यक्ष चेकबुक किंवा कार्डच येते.

व्यापाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जीएसटी क्रमांक १५ वर्णांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढील दहा वर्ण म्हणजे त्या पेढीचा पॅन, जसाच्या तसा. पॅनमधील चौथे अक्षर पाहिले की धारक कोण हेही कळते : व्यक्ती असेल तर ‘पी’, भागीदारी पेढी असेल तर ‘एफ’, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर ‘एच’. पेढी एकाच मालकाची असेल, तर दुकानाच्या प्रत्येक बिलावर मालकाचा स्वतःचा पॅन छापून बाहेर जात असतो. कायद्याने तो छापणे आवश्यकच आहे.

म्हणजेच नोकरदाराचा पॅन काहीसा झाकलेला राहू शकतो, पण एकमालकी पेढीच्या मालकाचा राहत नाही. साहजिकच त्याची जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक आणि सही यांचे मोल अधिक वाढते. त्यातच ई-मेलने येणाऱ्या अनेक विवरणांचा पासवर्ड पॅन किंवा नावाची काही अक्षरे आणि जन्मतारीख किंवा जन्मवर्ष जोडून केलेला असतो. पहिला भाग बिलावर आहे. दुसरा विमा कंपनीच्या पाकिटात आहे. एक कागद साधा, दुसराही साधा. दोन्ही एका हाती गेले की किल्ली तयार होते.

तोतया पुढे काय करतो

टपालातून मिळालेल्या माहितीचा दुरुपयोग मुख्यतः तीन प्रकारे होतो आणि व्यापारी कुटुंबाला तिन्हींची झळ लागू शकते.

पहिला प्रकार दुसऱ्याच्या नावावर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेण्याचा. हप्ता थकला की नोंद होते ती खऱ्या माणसाच्या पतअहवालात. पेढीच्या कॅश क्रेडिट मर्यादेचे नूतनीकरण करताना बँक मालकाचा आणि भागीदारांचा अहवाल मागवते. तेथे कधी न घेतलेले, थकलेले कर्ज दिसले तर प्रस्ताव अडतो. खरेदीचा हंगाम ऐन भरात असताना महिना-दोन महिने मर्यादा लांबणीवर पडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. पैसे एक रुपयाही गेलेले नसतात. तरी नुकसान झालेले असते.

दुसरा प्रकार बनावट पेढीचा. दुसऱ्याचा पॅन, आधार आणि वीजबिल जोडून जीएसटी नोंदणी घ्यायची, मालाची हालचाल न करता नुसती बिले काढायची आणि त्या बिलांवर कराची वजावट उकळायची. ज्याच्या कागदांवर हा संसार उभा राहतो, त्याला पत्ता लागतो तो नोटीस आल्यावर. हा प्रकार इतका फैलावला की केंद्र व राज्यांच्या जीएसटी यंत्रणांनी अशा बनावट नोंदण्या शोधण्यासाठी १६ मे ते १५ जुलै २०२३ आणि पुन्हा १६ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर २०२४ अशा देशव्यापी मोहिमा राबवल्या.

तिसरा प्रकार सर्वांत जुना, धनादेशाचा. चेकबुक वाटेतच कोणाच्या हाती लागले आणि सहीचा नमुना एखाद्या जुन्या कागदावर मिळाला, की बनावट सही करून रक्कम काढण्याचा प्रयत्न होतो. या बाबतीत कायदा खातेदाराच्या बाजूने आहे. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले की, बनावट सहीचा धनादेश म्हणजे खातेदाराची आज्ञाच नव्हे. त्यावर बँकेने दिलेली रक्कम खातेदाराच्या नावे टाकता येत नाही. त्या प्रकरणात ४२ धनादेशांवरून तीन लाखांहून अधिक रुपये गेले होते, आणि ते नेणारा कोणी परका चोर नव्हता; ज्याच्या ताब्यात चेकबुक असे तो कंपनीचाच लेखापाल होता. बनवाबनवी उघडकीस आली १९६१ मध्ये आणि अंतिम निकाल लागला १९८७ मध्ये. न्याय मिळाला, पण त्याला २६ वर्षे लागली. चेकबुक कोणाच्या हाती आले आणि कोणाकडे गेले याची नोंद ठेवायला मिनिटभर लागते.

गळती कोठे होते

चोरी म्हटली की डोळ्यांसमोर रात्रीचा चोर येतो. टपालाची गळती बहुधा दिवसाढवळ्या आणि घरच्यांच्याच सवयींतून होते.

पत्रपेटी हे पहिले ठिकाण. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीत तळमजल्यावर पेट्यांची रांग असते. त्यांतील निम्म्यांना कुलूप नसते आणि काहींची चिराच एवढी रुंद असते की हात सहज आत जातो. स्टीलची, अरुंद चिरेची, कुलूपबंद पेटी आणि त्या जागेवर रोखलेला कॅमेरा एवढा खर्च कोणत्याही सोसायटीला झेपतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगरंगोटीवर तासभर चर्चा होते. पाच मिनिटे पत्रपेट्यांसाठी काढता येतील.

दुसरे ठिकाण स्वीकारण्याचे. पेढीवर आलेले टपाल जो समोर असेल तो घेतो : मुनीम, हमाल, दुकानातला नवा मुलगा. घरी वॉचमन घेतो. यांपैकी कोणी अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. पण दहा जणांनी घेतलेल्या टपालाची जबाबदारी एकाचीही नसते, आणि पाकीट गहाळ झाले तर संशय मात्र दहाही जणांवर येतो. प्रामाणिक नोकराच्या अब्रूच्या दृष्टीनेही हे योग्य नाही.

तिसरे ठिकाण जुना पत्ता. पेठेतला वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते, कुटुंब उपनगरात राहावयास जाते. बँक व गॅस एजन्सीला नवा पत्ता कळवला जातो, पण वडिलांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या समभागांच्या कंपन्या जुन्याच पत्त्यावर पत्रे पाठवीत राहतात. कंपनी कायद्यानुसार सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही तर तो, आणि त्याबरोबर समभागही, गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. त्यापूर्वी कंपनी पत्र पाठवते. ते जाते जुन्या वाड्यावर. ज्याच्या हाती ते पडते, त्याला भागधारकाचे नाव, फोलिओ क्रमांक आणि समभागांची संख्या आयती मिळते, शिवाय या मालमत्तेकडे घरच्यांचे लक्ष नाही हेही समजते.

याच प्रकारात सुनांचे टपाल येते. लग्नापूर्वी उघडलेले खाते, माहेरच्या नावाचा पॅन, वडिलांनी काढलेली पॉलिसी यांची पत्रे वर्षानुवर्षे माहेरी जात राहतात. माहेरचे घर बदलले, भाऊ दुसऱ्या गावी गेला, की ही पत्रे कोणाचीच राहत नाहीत. परगावी शिकणारी मुले, परदेशी स्थायिक झालेला मुलगा आणि दिवंगत वडीलधारी मंडळी यांच्या नावे येणारे टपालही असेच बेवारस असते. दिवंगताच्या नावाचे पाकीट न उघडता बाजूला ठेवण्याची भावना समजण्यासारखी आहे. तरीही ते उघडून, त्या संस्थेला मृत्यूचा दाखला पाठवून खाते रीतसर बंद किंवा वारसाच्या नावे करून घेणे हेच शहाणपणाचे. कारण दिवंगत माणूस तक्रार करू शकत नाही, हे तोतयालाही ठाऊक असते.

चौथे ठिकाण रद्दी. पाकीट सुखरूप घरी आले, वाचून झाले आणि वर्तमानपत्रांबरोबर किलोच्या भावाने गेले. त्यात बँकेची विवरणे, आधारच्या झेरॉक्स आणि जुनी चेकबुके असतात. मुंबई-पुण्यात भेळेच्या पुडक्यावर कोणाचे तरी खातेविवरण वाचायला मिळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. नाव, पत्ता आणि क्रमांक असलेला कागद बारीक फाडून किंवा पाण्यात भिजवून लगदा करूनच टाकावा. पेढीवर कागद नष्ट करण्याचे छोटे यंत्र असावे. हिशेबाचे कागद कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत जपायचे असतातच. पण मुदत संपलेले दप्तर सरसकट रद्दीवाल्याच्या हवाली करू नये.

घराचीही बारनिशी

या सर्वांवरील उपाय नवा नाही. जुन्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर आवक-जावक टपालाची नोंदवही असे. तिला बारनिशी म्हणत. आलेला प्रत्येक कागद तारीखवार त्यात चढे आणि मगच संबंधिताच्या हाती जाई. संगणक आले, टपाल कमी झाले आणि ही वही बहुतेक ठिकाणी मागे पडली. खरे तर टपाल कमी झाल्यामुळेच ती राखणे आता सोपे झाले आहे. पूर्वी दिवसाला तीस पत्रे येत. आता आठवड्याला दहा येतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे असते, कारण बिनमहत्त्वाचा मजकूर मोबाईलवर गेला आहे.

वही साधी असावी. तारीख, पाठवणारी संस्था, कोणाच्या नावे, कोणी स्वीकारले, कोणाकडे दिले, असे पाच रकाने पुरतात. पेढीवर टपाल स्वीकारण्याचे काम एकाच विश्वासू माणसाकडे आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या ठरलेल्या माणसाकडे असावे. घरी ही जबाबदारी आजी-आजोबांना आनंदाने देता येते. अशा नियमित कामात ज्येष्ठांइतके काटेकोर दुसरे कोणी नसते.

वहीचा खरा उपयोग मात्र तिच्या शेवटच्या पानांवर आहे. तेथे ‘अपेक्षित टपाल’ असा मथळा घालून, जे यायचे आहे ते लिहून ठेवावे. चेकबुक मागवले : तारीख, आणि आठ-दहा दिवसांनी चौकशीची तारीख. कार्डाची मुदत या महिन्यात संपते : नवे कार्ड यायला हवे. विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, वाहनाचे नोंदणीपत्र, दरमहा येणारे वीजबिल. आले की खूण करावी. ठरलेल्या दिवशी खूण नसेल, तर त्याच दिवशी संस्थेला फोन करून ‘पाकीट कधी रवाना झाले आणि त्याचा क्रमांक काय’ हे विचारावे. ज्या घरात न आलेल्या पाकिटाची चौकशी होते, त्या घराच्या टपालावर तोतयाचे भागत नाही; कारण त्याच्या साऱ्या डावाला दोन-तीन महिन्यांचे अज्ञान लागते आणि येथे त्याला जेमतेम आठवडा मिळतो.

टपाल खात्याच्या आणि बँकेच्या सोयी

पत्रावरील पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ केंद्रीय दळणवळण खात्यात उच्च अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. सहा अंकांतील शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. घर शेजारच्या भागात हलवल्यावर पत्ता बदलला पण पिनकोड जुनाच राहिला, तर पाकीट दुसऱ्याच कार्यालयात जाऊन भटकत राहते. सर्व संस्थांकडील पत्ता तपासताना पिनकोड आवर्जून पाहावा.

घर बदलताना वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयात लेखी अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवता येते. कुटुंब महिनाभर यात्रेस किंवा मूळ गावी जाणार असेल, तर तोवर टपाल कार्यालयातच राखून ठेवण्याची विनंती करता येते. ज्या पेढीचे टपाल मोठे आहे, तिने टपाल कार्यालयात पोस्ट बॉक्स भाड्याने घेणे उत्तम. महत्त्वाचे कागद साध्या टपालाने किंवा अनोळखी कुरिअरने पाठवू नयेत. जुनी रजिस्टर्ड पोस्ट सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता स्पीड पोस्टलाच नोंदणीची जोड देता येते आणि तसे पाकीट पत्त्यावरील व्यक्तीच्या किंवा तिने नेमलेल्या माणसाच्याच हाती द्यायचे असते. ओटीपी पाहून वाटप करण्याची सोयही उपलब्ध झाली आहे. स्पीड पोस्टच्या तेरा वर्णी क्रमांकावरून पाकीट कोठे आहे हे पाहता येते. तो क्रमांक बारनिशीत चढवावा.

बँकांकडेही बरेच काही मागता येते. वेळ असेल तर चेकबुक शाखेत जाऊन घ्यावे. हाती पडताच पाने मोजावीत, क्रमांक सलग आहेत का ते पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या ‘पॉझिटिव्ह पे’ व्यवस्थेत ५० हजार रुपये व त्यावरील धनादेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव खातेदार बँकेला आधीच कळवतो व वटवताना बँक ते ताडून पाहते. ५ लाख आणि त्यावरील धनादेशांना ही अट सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. रक्कम लहान असली तरी बँकेच्या नियमात बसत असेल तेथे ही सवय लावून घ्यावी.

कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या हिताचे आहेत. नवे कार्ड येते ते देशांतर्गत एटीएम आणि दुकानातील यंत्रापुरतेच चालू असते. ऑनलाईन व परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. जो वापर नको तो बंदच राहू द्यावा. न मागितलेले क्रेडिट कार्ड पाठवण्यास बँकांना मनाई आहे. तीस दिवसांत चालू न केलेल्या क्रेडिट कार्डासाठी बँकेला ओटीपीने संमती मागावी लागते, आणि ती न मिळाल्यास सात कामकाजी दिवसांत ते खाते विनाशुल्क बंद करावे लागते. मात्र मोबाईल क्रमांक बँकेत अद्ययावत असेल तरच हे संरक्षण कामाला येते.

आधारची झेरॉक्स देताना शक्य तेथे फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे आणि प्रतीवर आडवे, मजकुरावरून जाईल असे, काम व तारीख लिहावी.

आलेले पाकीटही तपासावे

टपालाने येणारा प्रत्येक कागद खरा असतो असेही नाही. ‘आपल्याला मोटार बक्षीस लागली’ असे सांगणारे, खरवडण्याचे कार्ड घातलेले पाकीट पुष्कळ घरी येऊन गेले आहे. त्यातील क्रमांकावर फोन केला की आधी ‘कर’ भरावयास सांगतात. सरकारी मुद्रेची नोटीस आली की व्यापारी अधिक घाबरतो. तेथेही खातरजमेचा मार्ग आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर, अपवादात्मक प्रसंग वगळता, दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि विवरणपत्र भरण्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तो टाकून पत्र खरे की खोटे हे कोणालाही पाहता येते. कागदावर छापलेल्या फोनवर किंवा क्यूआर कोडवर जाऊ नये. संस्थेचा क्रमांक स्वतः शोधावा आणि कागद सनदी लेखापालांना दाखवावा. ‘पार्सल पोचले नाही, पत्ता दुरुस्त करा’ असे सांगणारे टपाल खात्याच्या नावाचे मोबाईल संदेशही बनावट असतात. त्यांतील दुव्यावर बोट ठेवू नये.

घडलेच तर

चेकबुक किंवा कार्ड वाटेत गहाळ झाले असे वाटताच पहिला फोन बँकेला करावा : कार्ड बंद आणि त्या पुस्तिकेतील सर्व क्रमांकांचे धनादेश थांबवण्याची लेखी सूचना. ‘थोडे दिवस वाट पाहू, येईल’ हा सर्वांत महाग पडणारा विचार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्या कोणामुळे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत ती मर्यादित राहते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून असते.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक सहीचा, पासवर्डचा किंवा अशाच ओळखीच्या खुणेचा अप्रामाणिक वापर हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तोतयेगिरीने फसवणूक करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली येते. तक्रारीची पोच पुढे बँक, जीएसटी कार्यालय आणि पतसंस्था-अहवाल कंपन्यांकडे पुरावा म्हणून कामी येते.

मग तीन ठिकाणी पाहावे. भारतातील चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अनोळखी कर्ज दिसल्यास लेखी हरकत घ्यावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. जीएसटी संकेतस्थळावर ‘करदाता शोधा’ या भागात पॅन टाकला की त्या पॅनवर देशभर कोठे कोठे नोंदणी आहे हे लॉगिनशिवाय दिसते. आपण न घेतलेली नोंदणी आढळली तर विलंब न लावता कार्यालयास लेखी कळवावे. आणि दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते पाहावे.

या तिन्ही तपासण्यांना मिळून तास-दीड तास लागतो, आणि त्या काही बिघडल्यावरच कराव्यात असे नाही. दिवाळीत वहीपूजन होते, नव्या वर्षाचे खाते उघडते. त्याच सुमारास घरातील प्रत्येकाचा अहवाल काढावा, सर्व पॅन तपासावेत, जुन्या पत्त्यांची यादी करून एक-एक दुरुस्त करावा आणि रोजमेळ-खातेवहीबरोबर एक नवी बारनिशीही आणावी. तिच्या पहिल्या पानावर आलेले टपाल लिहिले जाईल. शेवटच्या पानावर, अजून न आलेले.